पॅरागॉन शहराची रयत

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात पॅरागॉन नावाचे एक महानगर होते असे कोणी सांगितले तर भूगोलाचा अभ्यासक हसेल, आणि त्याचे हसणे रास्तही ठरेल. कारण या नगराची नोंद कोणत्याही सरकारी कचेरीत नव्हती, त्याच्या रस्त्यांना मातीचा स्पर्श नव्हता, आणि त्याचे मनोरे, बागा, गोद्या व गल्ल्या हे सारे वैभव काही संगणकांच्या स्मृतीत साठवलेले होते. तरीही २००४ च्या एप्रिलअखेरीपासून २०१२ च्या नोव्हेंबरअखेरीपर्यंत असंख्य माणसांनी आपल्या संध्याकाळी तेथे घालवल्या, स्नेहसंबंध जोडले, संघ स्थापिले, मोडले आणि पुन्हा स्थापिले. आणि हे नगर आणखी किती दिवस नांदेल याची काळजी वाहण्याचा एक स्वतंत्र व्यवसायच तेथील रहिवाशांनी फार लवकर आरंभिला. माझ्या या लेखाचा विषय ते नगर जितके आहे त्याहून अधिक ती काळजी आहे.

खेळाचे नाव ‘सिटी ऑफ हीरोज’. कॅलिफोर्नियातील क्रिप्टिक स्टुडिओज या संस्थेने तो रचला आणि दक्षिण कोरियातील एनसीसॉफ्ट या कंपनीने तो प्रकाशित केला. ज्या खेळांत मनुष्य एखाद्या कल्पित व्यक्तीचे रूप धारण करतो आणि इंटरनेटच्या द्वारे हजारो अन्य रूपधाऱ्यांसह एकाच जगात वावरतो, त्या जातीचा हा खेळ. परंतु त्या काळी या जातीतील बहुतेक खेळ तलवारी, मांत्रिक आणि राक्षस यांच्या मध्ययुगीन अरण्यात गुंतलेले असताना याने आधुनिक नगरातील महानायकांचा विषय घेतला, हे त्याचे पहिले वैशिष्ट्य. दुसरे, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचे, वैशिष्ट्य असे की खेळाडूला आपला नायक शिरस्त्राणापासून पादत्राणापर्यंत स्वतः घडवता येई, आणि घडवण्याच्या या मुभेला जवळपास मर्यादा नव्हती. कित्येकांचा निम्मा वेळ गुन्हेगारांच्या पारिपत्यात न जाता अंगरख्याचा रंग ठरवण्यातच गेला. ही मुभा इतकी उदार होती की २००४ च्या नोव्हेंबरात मार्व्हल या चित्रकथांच्या प्रख्यात प्रकाशकाने, आपल्या नायकांच्या प्रतिकृती येथे सर्रास तयार होतात, अशी फिर्याद गुदरली. चौकशीत असे निघाले की पुराव्यादाखल जोडलेल्या प्रतिकृतींपैकी काही खुद्द फिर्यादीच्याच माणसांनी खेळात शिरून तयार केल्या होत्या. २००५ च्या अखेरीस तो दावा आपसांत मिटला.

या नगराच्या रीतिरिवाजांत एक विलक्षण माणुसकी होती. अन्य खेळांत पातळीचा भेद जातिभेदासारखा कठोर असे. पन्नासाव्या पातळीचा वीर आणि पाचव्या पातळीचा नवशिका एकत्र लढूच शकत नसत, कारण एकाचा शत्रू दुसऱ्याला फुंकरीने उडवून देई. येथे मात्र जुन्या नायकाने नवख्याला आपला शागीर्द म्हणून स्वीकारले की त्या मोहिमेपुरते शागिर्दाचे बळ उस्तादाच्या जवळपास जाऊन पोहोचे. परिणामी नवऱ्याने महिन्यापूर्वी खेळायला आरंभ केला आणि बायकोने आज, तरी दोघे त्याच सायंकाळी एका मोहिमेवर जाऊ शकत. खांद्यावरच्या झग्याची कथाही अशीच सांगण्याजोगी आहे. प्रारंभी एकाही नायकाला झगा मिळत नसे, कारण वाऱ्यावर फडकणारे वस्त्र रेखाटण्याची विद्या तेव्हा सिद्ध झालेली नव्हती. पुढे ती सिद्ध झाल्यावर रचनाकारांनी अशी कथा योजली की परग्रहवासीयांशी झालेल्या युद्धात नाहीसा झालेला एक थोर नायक झगा वापरी, त्याच्या स्मरणार्थ नगराने झगा वर्ज्य मानला आहे, आणि विसाव्या पातळीला पोहोचून ठरावीक कामगिरी पार पाडणाऱ्यासच तो परिधान करण्याची परवानगी आहे. तांत्रिक उणिवेतून शोक निर्माण करायचा, आणि त्या शोकातून सन्मानाची एक पायरी घडवायची, हे ज्यांना सुचले ते केवळ कारागीर नव्हते.

अशा नगरात चिंता शिरली ती प्रथम नगराच्या अस्तित्वाविषयी नव्हे, त्याच्या कायद्यांविषयी. २००५ साली रचनाकारांनी नायकांच्या शक्ती वाढवण्याच्या नियमांना एकापाठोपाठ एक कात्री लावली, आणि वर्षभर खपून ज्यांनी आपला नायक विशिष्ट रीतीने परिपूर्ण केला होता त्यांना एका सकाळी तो दुबळा झालेला आढळला. खेळ मेला, असा पहिला आक्रोश तेव्हाचा. त्यानंतर खेळ सात वर्षे जगला. तथापि त्या आक्रोशात असत्य होते असे मी म्हणणार नाही, कारण ज्या नियमांच्या भरवशावर मनुष्य श्रम करतो ते नियम त्याला न विचारता बदलता येतात, हे ज्ञान एकदा झाले की मग ते सुटत नाही. त्याच वर्षी, त्याच देशात, दुसऱ्या एका खेळाच्या प्रजेला याहून कितीतरी कडू अनुभव आला. ‘स्टार वॉर्स गॅलॅक्सीज’ या खेळात मनुष्य शिंपी होऊ शके, वैद्य होऊ शके, मद्यगृहातील नर्तक होऊन केवळ लोकांचा शीण घालवू शके. असे तीसहून अधिक व्यवसाय होते. नोव्हेंबर २००५ मध्ये चालकांनी ते रद्द करून अवघे नऊ ठेवले, आणि हे केले ते नवीन पुरवणी विकून जेमतेम पंधरवडा लोटत असताना. तेव्हा ओरड अशी झाली की पुरवणीचे पैसे परत करण्याची तयारी चालकांना दाखवावी लागली. खेळ आणखी सहा वर्षे चालू राहिला, १५ डिसेंबर २०११ ला बंद पडला. पण ज्यांची कसबे काढून घेतली गेली त्यांच्या लेखी तो २००५ सालीच संपला होता.

पॅरागॉनकडे वळायचे तर २००७ च्या नोव्हेंबरात क्रिप्टिकने खेळाची संपूर्ण मालकी एनसीसॉफ्टला विकली, आणि मूळ रचनाकारांची संस्था अन्य उद्योगांकडे गेली. प्रजेने पुन्हा शोक आरंभिला. प्रत्यक्षात घडले ते उलटेच: मागे राहिलेल्या मोजक्या माणसांतून नवा स्टुडिओ उभा राहिला, त्याला पॅरागॉन असेच नाव मिळाले, आणि २००९ साली त्याने खेळाडूंच्या हाती असे साधन दिले की त्यायोगे कोणाही रहिवाशाला स्वतःच्या मोहिमा, स्वतःचे खलनायक आणि स्वतःचे संवाद रचून इतरांपुढे ठेवता येऊ लागले. रयत आता नुसती राहत नव्हती. बांधूही लागली होती. मात्र चिंता ओसरली नाही, तिचे स्वरूप तेवढे पालटले. खेळाडू हिशेबनीस झाले. एनसीसॉफ्ट ही भागबाजारात नोंदलेली कंपनी असल्यामुळे दर तिमाहीस ती आपला ताळेबंद प्रसिद्ध करी, आणि त्यात खेळवार उत्पन्नाचे आकडे असत. एखाद्या जमाखर्चाच्या तक्त्यातील एका आडव्या ओळीवरून आपल्या नगराचे आयुष्य किती उरले याचा अदमास घेण्यात लोक निष्णात झाले.

त्यांची भीती निराधार नव्हती, कारण याच मालकाच्या अमलाखालील अन्य नगरे कशी उठली हे त्यांनी पाहिले होते. ‘ऑटो असॉल्ट’ हा खेळ २००६ च्या एप्रिलात निघाला आणि २००७ च्या ३१ ऑगस्टला बंद झाला. ‘टॅब्युला रासा’ ची कहाणी तर कादंबरीकाराने लिहिली असती तर अतिरंजित वाटली असती. त्याचा प्रमुख रिचर्ड गॅरियट हा या क्षेत्रातील आद्य पुरुषांपैकी एक. २००८ च्या ऑक्टोबरात तो स्वतःच्या खर्चाने रशियन यानातून अंतराळात जाऊन आला, आणि परतल्यावर थोड्याच दिवसांत त्याच्या नावाने एक पत्र प्रसिद्ध झाले की आपण अन्य कार्यासाठी कंपनी सोडीत आहो. लवकरच खेळ बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला, आणि २८ फेब्रुवारी २००९ रोजी तो बंद झाला. गॅरियटने पुढे दावा लावला, की मी सोडून गेलो नाही, मला बडतर्फ केले. २०१० साली टेक्सासातील ज्युरीने त्याचे म्हणणे ग्राह्य धरून त्यास दोन कोटी ऐंशी लाख डॉलर देवविले. खेळाच्या प्रमुखाच्या रुखसतीचे खरे कारण कळण्यास जेथे न्यायालयाची पायरी चढावी लागते, तेथे सामान्य वर्गणीदाराने घोषणापत्रांवर विश्वास तरी किती ठेवावा?

म्हणून सप्टेंबर २०११ मध्ये मासिक वर्गणी ऐच्छिक करून खेळ सर्वांना विनामूल्य खुला झाला, तेव्हा काहींनी त्यास पुनरुज्जीवन म्हटले आणि काहींनी विकण्यापूर्वीची रंगरंगोटी. शेवटच्या वर्षभरात कथेतील नगराचा आद्य नायक स्टेट्समन याचा वध झाला. कोणी भयंकर परकीय सेना येत आहे, एक वादळ घोंगावत आहे, अशी सूचना कथानकातून वारंवार दिली जाऊ लागली. २८ ऑगस्ट २०१२ रोजी एनसीसॉफ्टचा बहुप्रतीक्षित ‘गिल्ड वॉर्स २’ हा नवा खेळ निघाला. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, कंपनीच्या प्राधान्यक्रमाची पुनर्रचना होत असल्याचे कारण देऊन पॅरागॉन स्टुडिओ बरखास्त केल्याची घोषणा झाली. सुमारे ऐंशी माणसांची नोकरी त्या दिवशी गेली, वर्गण्यांची वसुली तत्काळ थांबली, आणि नगरासाठी वर्षअखेरच्या आतली मुदत राहिली. कथेतील परकीय सेना कधी पोहोचलीच नाही. तिच्या स्वारीची प्रकरणे लिहिणारेच उरले नव्हते.

यानंतर जे घडले त्यात मला त्या समाजाचा स्वभाव स्पष्ट दिसतो. २० हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज सादर झाला. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात एका नियोजित दिवशी हजारो नायक नगराच्या मध्यवर्ती उद्यानात, पृथ्वीचा गोल पेलणाऱ्या ॲटलासच्या पुतळ्याखाली, हाती मशाली घेऊन जमले. गर्दी इतकी झाली की एका उद्यानाच्या अनेक प्रती उघडाव्या लागल्या, आणि प्रत्येक प्रतीत तोच पुतळा आणि तीच मशालींची दाटी होती. मर्सिडीज लॅकी ही कादंबरीकार स्वतः या खेळातील रहिवासी. तिने आपली लेखणी या कामी लावली. कापडी झगे आणि मुखवटे टपालाने कंपनीच्या कचेरीकडे रवाना करण्याची मोहीम निघाली. ऑक्टोबरात कंपनीने खुलासा केला की स्टुडिओ व खेळाचे हक्क विकण्यासह सर्व मार्ग आपण चाचपून पाहिले आहेत. हा खुलासा फारच थोड्यांना पटला. ३० नोव्हेंबरच्या रात्री लोक पुन्हा त्याच पुतळ्याखाली उभे राहिले, आणि एकेक सर्व्हर बंद होत गेला तसतशी नकाशाशी जोडणी तुटल्याची रोजच्या परिचयाची सूचना पडद्यावर आली, या वेळी कायमची.

येथे कायद्याचा विचार अवश्य केला पाहिजे. खेळात प्रवेश करताना प्रत्येक जण एका लांबलचक कबुलायतीखाली ‘मान्य आहे’ हे बटण दाबतो, आणि ती कबुलायत सांगते की तुझा नायक, त्याचे नाव, त्याचा झगा, तू रचलेली मोहीम, यांपैकी कशावरही तुझा मालकी हक्क नाही. तुला दिलेली आहे ती केवळ वापराची मुभा, आणि ती आमच्या मर्जीनुसार मागे घेता येईल. हे वाचताना मराठी वाचकाला कोकणातील खोताची आणि त्याच्या कुळाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही: वरकस जमीन फोडून तिचे शेत केले कुळाने, बांध घातले कुळाने, आणि दप्तरी नाव मात्र खोताचे. १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याने तिकडे जे झाले त्याच्या जवळपास जाणारे काहीही या कल्पित जमिनींच्या बाबतीत अद्याप झालेले नाही. अलीकडे थोडी हालचाल दिसते खरी. ३१ मार्च २०२४ रोजी युबिसॉफ्टने ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा, पैसे मोजून विकत घेतलेला खेळ बंद केला, तेव्हा रॉस स्कॉट या चित्रफीतकाराच्या पुढाकाराने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ सुरू झाली, आणि युरोपीय संघापुढे नागरिकांचा प्रस्ताव मांडण्यास लागणाऱ्या दहा लाख सह्यांचा टप्पा तिने २०२५ च्या जुलैमध्ये ओलांडला. कॅलिफोर्नियाने कायदा केला तो असा की विकताना तुम्ही वस्तू विकत आहात की केवळ परवाना, हे ग्राहकास स्पष्ट सांगावे. १ जानेवारी २०२५ पासून तो अमलात आहे. कुळाला जमीन देण्याऐवजी, ही जमीन तुझी नव्हे, अशी पाटी ठळक अक्षरांत लावण्याचा हा हुकूम. आपल्याकडे तर सरकारी आदेशानेच असा प्रसंग ओढवला: २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ज्या ११८ ॲपांवर बंदी घातली त्यांत पब्जी मोबाइल होता, आणि गावोगावच्या मुलांची वर्षानुवर्षांची कमाई त्यात अडकली. तो खेळ निराळ्या जातीचा, कारणही निराळे; पण ताबा गेल्याचा अनुभव तोच.

मग प्रजेच्या हाती काय राहते? या प्रश्नाचा शोध घेताना मला या चिंतेच्या दोन निराळ्या जाती दिसू लागल्या. एक चिंता भाकीत करते. ती रोज सांगते की खेळ मरणार आहे, आणि तिचे ऐकून काही लोक वर्गणी थांबवतात, काही येणारे येत नाहीत, आणि ताळेबंदातील ती आडवी ओळ आणखी खाली सरकते. भविष्य खरे ठरते आणि ज्योतिषी, आपण त्यास हातभार लावला हे विसरून, समाधान पावतो. दुसरी चिंता मुकाट्याने दप्तर लिहू लागते. पॅरागॉनच्या रहिवाशांपैकी टायटन नेटवर्क नावाने एकत्र आलेल्या मंडळींनी त्या शेवटच्या तीन महिन्यांत एक साधन तयार करून वाटले, ज्याच्या साहाय्याने प्रत्येकाला आपल्या नायकाचा तपशील, त्याच्या शक्ती, पदके, वेशभूषा, सारे काही एका फाइलीत उतरवून घरी ठेवता येई. त्या फाइलींचा तेव्हा काहीही उपयोग नव्हता. जो गाव उठणार त्याचे खानेसुमारीचे कागद करून काय करायचे, असे कोणीही विचारले असते. शहर बंद झाल्यावर याच गोटातून आणखी एक साधन निघाले, त्यायोगे खेळाडू आपल्या संगणकावर उरलेल्या चित्रांच्या आधारे त्या निर्मनुष्य नगरातून एकट्याने हिंडू शके: पुतळा तोच, रस्ते तेच, आणि रस्त्यावर कोणी नाही.

भाकीत आणि दप्तर यांतील हा भेद अन्यत्रही दिसून येतो. इंग्लंडच्या जॅगेक्स कंपनीच्या ‘रुनस्केप’ या खेळात २००७ च्या अखेरीपासून असे बदल झाले की जुन्या रहिवाशांना तो परका वाटू लागला. २०१३ साली कंपनीने सांगितले की ऑगस्ट २००७ ची एक संपूर्ण प्रत आपल्या साठ्यात सापडली आहे, ती पुन्हा चालू करावी की नाही यावर मत द्या. चार लाखांहून अधिक मते पडली, जुना खेळ परत आला, आणि पुढे असा शिरस्ता पडला की पाऊणशे टक्के मतदारांची संमती असल्याखेरीज त्यात महत्त्वाचा बदल करायचा नाही. हा टक्का आता सत्तरवर आणला आहे, परंतु प्रजेला विचारण्याची वहिवाट कायम आहे. कोणी तरी २००७ साली एक प्रत पुसायची राहू दिली होती, एवढ्यावर हे सारे राज्य उभे आहे.

पॅरागॉनच्या बाबतीत मात्र दप्तराला एक काळी बाजू निघाली, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. २०१९ च्या एप्रिलात उघडकीस आले की खेळाची मूळ संगणकीय संहिता काही जणांच्या हाती फार पूर्वीच आली होती, आणि सुमारे सहा वर्षे ते आपला गुप्त सर्व्हर चालवून निवडक निमंत्रितांसह त्या नगरात सुखाने नांदत होते. बाहेर लोक निर्मनुष्य रस्त्यांवरून हिंडत होते, अर्ज करीत होते, आशा सोडीत होते. आणि आत दिवाबत्ती चालू होती. संतापाचा जो भडका उडाला तो कंपनीवरील संतापाहून भयंकर होता, आणि मला तो स्वाभाविक वाटतो: मालकाने दार लावून घेतले हे एक वेळ सोसते, शेजाऱ्याने किल्ली खिशात ठेवून आपल्याबरोबर हळहळ केली हे सोसत नाही. गुप्तता राखणाऱ्यांचा युक्तिवाद होता की बोभाटा झाला असता तर कंपनीची नोटीस येऊन सारेच गेले असते. हा युक्तिवाद पूर्णपणे खोटा नाही. पण सहा वर्षे चिठ्ठी देऊन आत घेण्याचा अधिकार हाती आला की त्या अधिकाराची गोडी लागते, आणि रक्षकाचा खोत होण्यास फार काळ लागत नाही. थोड्याच दिवसांत संहिता सर्वांना उपलब्ध झाली आणि अनेक गटांनी आपापली नगरे उभारली. त्यांतील सर्वांत मोठे ‘होमकमिंग’. ज्यांनी २०१२ साली वेशभूषेच्या निरुपयोगी फाइली जपून ठेवल्या होत्या त्यांनी त्या बाहेर काढल्या, आणि सात वर्षांपूर्वीच्या रंगांचा झगा अंगावर चढवला.

४ जानेवारी २०२४ रोजी होमकमिंगने जाहीर केले की एनसीसॉफ्टने आपणांस रीतसर परवाना दिला आहे. २०१२ साली ज्या कंपनीच्या कचेरीकडे झगे आणि मुखवटे रवाना झाले होते तिच्याच सनदेवर आता स्वयंसेवकांनी चालवलेले आणि देणग्यांवर पोसलेले हे नगर उभे आहे. वर्गणी नाही, विक्री नाही, आणि दर महिन्याचा खर्च भागेल एवढी रक्कम जमली की देणगीची पेटी बंद होते. जुने हिशेबनीस आता सोलच्या तिमाही ताळेबंदाऐवजी या महिन्याच्या पेटीकडे नजर लावून असतात. आणि नवी शंका आलीच: परवाना मिळाला तो एका गटाला, बाकीच्या नगरांचे काय, ज्याने सनद दिली तो ती उद्या परत मागणार नाही कशावरून, स्वयंसेवक थकले तर दिवाबत्ती कोण करील. या शंका रास्त आहेत आणि त्यांचे उत्तर कोणा एकाच्या हाती नाही. फक्त २०१२ आणि आज यांत एवढा फरक पडला आहे की तेव्हा नगराची अखेरची प्रत ज्या संगणकांवर होती ते एका मालकाच्या ताब्यात होते, आणि आज तीच संहिता जगभरच्या कोण जाणे किती घरांत उतरून बसलेली आहे. कंपनीने सनद रद्द केली, तरी त्या प्रती परत मागवण्याचा हुकूम कोणत्या कचेरीतून सुटणार आणि कोणाच्या नावे?